शाळेचा बँड: दर मार्चमध्ये दहावी गेली की उरतं काय?

सूरसाथ
ठाणे पश्चिमेतल्या एका माध्यमिक शाळेचा बँड आहे. सध्या १२ साइड ड्रम, २ बेस ड्रम, ३ जोड्या झांजा, ६ बिगुल, १० बासऱ्या आणि एक बेल लायरा (काठीने वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य). संस्थेने ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्स वगैरे घ्यायला मंजुरी दिली आहे. शाळा दोन सत्रांत भरते, त्यामुळे अर्धी मुलं सकाळची, अर्धी दुपारची. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बँडचा भार कायम दहावीवर असतो. ती मुलं गेली की जूनमध्ये पुन्हा काठी कशी धरायची इथपासून सुरुवात. वाद्यं कोणती आणि किती घ्यावीत, कोणाच्या हातात द्यावीत, दोन सत्रांचा सराव कसा बसवावा, यावर जाणकारांनी नेमकं लिहावं ही विनंती.

काळीपाच
सर, खरेदीच्या आधी मुलांच्या यादीवर काम करा. ३६ मुलांचा बँड धरला तर आठवीची १४, नववीची १२, दहावीची १० अशी उतरंड हवी. आणि एक नियम भिंतीवर लावून ठेवा: कुठलाही स्वरभाग (रचनेतला एकेका गटाने वाजवायचा वेगळा भाग) एकट्या दहावीकडे राहता कामा नये. ट्युबा (सगळ्यात खालचे स्वर देणारं मोठं पितळी वाद्य) एकच असेल तर तो नववीकडे, आणि शेजारी आठवीतला एक युफोनियमवाला (युफोनियम म्हणजे ट्युबाचा लहान भाऊ) तोच भाग वाजवणारा. दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारीत येते, म्हणून २६ जानेवारीला पहिला ट्रम्पेट, म्हणजे मुख्य चाल वाजवणारा, नववीचाच असेल असं जूनमध्येच ठरवून टाका. दहावीने दिवाळीनंतर दुसऱ्या भागावर सरकायचं आणि पहिला भाग वाजवणाऱ्याला आधार द्यायचा. मुलांना हे आधी सांगितलं असेल तर कुणाला मानहानी वाटत नाही.

वाद्यांची मांडणी: बासरी/फ्लूट ४, क्लॅरिनेट ६, आल्टो सॅक्स ३, टेनर सॅक्स १, ट्रम्पेट ६, ट्रॉम्बोन ३, युफोनियम ३, ट्युबा किंवा सूझाफोन १, तालवाद्यं ९. फ्रेंच हॉर्न पहिली दोन वर्षं घेऊ नका. त्याचे नैसर्गिक स्वर वरच्या पट्टीत इतके जवळजवळ असतात की नवशिक्याचा ओठ शेजारच्या स्वरावर घसरतो, आणि एका तासिकेत त्याच्यामागे बसायला कुणाला वेळ नसतो.

सगळ्यात आधी पैसे खर्जावर, म्हणजे ट्युबा-युफोनियमसारख्या खालच्या स्वरांच्या वाद्यांवर घाला. दहा ट्रम्पेट आणि खर्ज शून्य हे शाळांमध्ये सर्रास दिसतं. असा बँड कितीही सराव केला तरी कर्कश वाटतो. वरच्या वाद्यांना स्वर जुळवायला खालून आधार लागतो, तो नसला की प्रत्येक जण आपापलं ओढतो. तोलाचा साधा हिशोब: खर्ज सर्वांत भरीव, मधले त्याहून थोडे कमी, आणि पहिला ट्रम्पेट त्याला ट्युबा ऐकू येईल इतपतच मोठा.

डावापाय
बिगुल काढून टाकू नका एवढं आधी सांगतो. बिगुलला व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या दाबकळा) नसतात, पाचच स्वर कामाचे: खालचा सा, प, मधला सा, ग, वरचा प. ट्रम्पेटवर एकही व्हॉल्व्ह न दाबता नेमके हेच स्वर येतात. म्हणजे तुमच्या सहा बिगुलवाल्यांचे ओठ अर्धे तयार आहेत. त्यांना कमी पडतं ते तीन ठिकाणी: हळू वाजवणं, जिभेने स्वर स्वच्छ सुरू करणं, आणि खालच्या स्वरांवर फुंक मोकळी सोडणं. मैदानात मोठ्याने फुंकायची सवय असते, ती मोडायला दीडेक महिना लांब स्वरांचा सराव द्या. आठ मात्रा एकच स्वर, अर्ध्या जोरात, आवाज न हलता.

ड्रमबद्दल. १२ साइड ड्रम खूप झाले, ६ पुरेत. बाकीच्यांना टेनर ड्रम, झांजा आणि बेल लायरावर फिरवा. शिकवताना थेट ड्रमवर बसवू नका. रबरी पॅडवर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून आधी एकेरी ठोके, मग दुहेरी, मग उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. दोन्ही काठ्यांची उंची सारखी दिसली पाहिजे. आवाज कमीजास्त होतो तो बहुतेक वेळा उंचीतल्या फरकामुळे. लय पळते कुठे? रोलमध्ये (दोन्ही काठ्यांचा सलग गडगडाट) आणि आवाज वाढवायला सांगितल्यावर. म्हणून "मोठ्याने" आणि "जलद" या दोन गोष्टी वेगळ्या काढायचा व्यायामच ठेवा: मेट्रोनोम तोच, चार आवर्तनं हळू, चार मोठ्याने.

आणि बेस ड्रमवर सगळ्यात भरवशाचं मूल ठेवा. ताकदवान मूल शोधण्याची पद्धत चुकीची आहे. संचलनात बेस ड्रमचा मुख्य ठोका डाव्या पायावर पडतो, अख्खी शाळा त्यावर चालते. तो ठोका पुढे सरकला की मागच्या चारशे मुलांचे पाय चुकतात.

घणसोलीची_पालक
मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या मुलीच्या दातांना तारा आहेत, आठवीत आहे. शाळेत तिला ट्रम्पेट दिला आहे. चालेल का?

वाशीकर_क्लॅरिनेट
ताई, चालतं पण त्रासाचं. ट्रम्पेटचं माउथपीस लहान असतं, दाब थोड्याच जागेवर येतो आणि ओठ आतून तारांवर घासतो. युफोनियम किंवा ट्युबाचं माउथपीस मोठं, दाब पसरतो. फ्लूटला ओठावर फारसा दाबच येत नाही. तारा निघेपर्यंत सरांना सांगून युफोनियम मागून घ्या. ट्रम्पेटच हवा असेल तर दंतवैद्याकडे तारांवर लावायचं मेण मिळतं ते लावून, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि वरचे स्वर अजिबात नकोत, कारण मुलं वरच्या स्वरासाठी वाद्य ओठावर दाबतात. दुखतंय म्हटल्यावर लगेच थांबवायचं.

सूरसाथ सर, वाद्य वाटपाचं पुढे लिहिते.

ट्रॉम्बोन देण्याआधी मुलाचा हात मोजा. काळी पाचच्या (हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी, म्हणजे बी फ्लॅट) सा ने सुरुवात केली तर सा पहिल्या स्थानावर (सरकती नळी पूर्ण आत) येतो, पण लगेचचा रे सहाव्या स्थानावर. म्हणजे दुसऱ्याच स्वराला नळी जवळजवळ पूर्ण बाहेर. लहान चणीच्या आठवीतल्या मुलाचा हात पोचत नाही, मग तो खांदा पुढे टाकतो, माउथपीस ओठावरून सरकतं आणि स्वर फाटतो. अशा मुलाला एक वर्ष युफोनियम द्या. माउथपीस साधारण त्याच मापाचं आणि वाचन तेच, नववीत तो आरामात ट्रॉम्बोनवर जातो.

क्लॅरिनेट शाळेसाठी प्लॅस्टिकचे घ्या, लाकडी नकोत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एसीच्या सभागृहात आकसतं आणि तडे जातात. रीड (माउथपीसवर लावायची वेताची पातळ पट्टी) सुरुवातीला २ नंबर, साताठ महिन्यांनी अडीच. प्रत्येकाकडे तीन रीड, नंबर घालून, रोज एक पाळीपाळीने. वाजवून झाल्यावर रीड माउथपीसवर ठेवून डबी बंद केली की आपल्या हवेत चार दिवसांत बुरशी धरते. पुसून सपाट काचेच्या तुकड्यावर वाळवायची. पहिल्या महिन्यात क्लॅरिनेट किंचाळतं त्याचं कारण निम्म्या वेळा बोटाखालचं भोक पूर्ण न झाकणं हे असतं. बोटाचा मांसल भाग ठेवायला शिकवा, टोक नको. बोटावर भोकाचा गोल वळ उमटला म्हणजे बरोबर.

सूरसाथ
फार उपयोगी. दोन प्रश्न. मुलांना सरगम येते, हार्मोनियमची पट्टी कळते. मग नोटेशन (पाच रेषांवरचं स्वरलेखन) शिकवायलाच हवं का? आणि राष्ट्रगीत कुठल्या पट्टीत बसवावं?

काळीपाच
सरगमने सुरुवात करा, तिचा मोठा फायदा आहे. बँडमधली वाद्यं वेगवेगळ्या पट्टीची असतात. हार्मोनियमची काळी पाच वाजली पाहिजे तर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट आपल्या कागदावरचा सी वाजवतात, आल्टो सॅक्स जी, आणि फ्लूट-ट्रॉम्बोन बी फ्लॅट. हे सगळं पहिल्याच दिवशी समजावत बसलात तर मुलं गोंधळतात. "सगळ्यांचा सा" म्हटलं की प्रत्येकाला आपलं बोट माहीत असतं. पहिले पाच स्वर सा ते प, सर्व वाद्यांना सोयीचे.

पण चौथ्या आठवड्यापासून नोटेशन सुरू कराच. पाठांतरावर चालणारा बँड वर्षाला तीन-चार रचनांच्या पुढे जात नाही, आणि गैरहजर राहिलेलं मूल कागद बघून भरून काढू शकत नाही. आठवीला रोज चार ओळी, न थांबता, चुकलं तरी पुढे. एवढ्याने दिवाळीपर्यंत वाचन बसतं.

राष्ट्रगीत काळी पाचमध्ये. चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नी पासून तार (वरच्या) सा पर्यंत जाते. काळी पाचला ट्रम्पेटचा वरचा सा म्हणजे त्याचा मधला सी, आठवीलाही झेपतो. काळी दोनमध्ये घेतलंत तर तोच सा नोटेशनच्या पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या रेषेवरच्या एफवर जातो, सकाळच्या थंड ओठांनी तो स्वर फुटण्याची भीती असते आणि शेवटच्या ओळीतल्या पहिल्या 'जय हे'लाच फुटतो.

वाशीकर_क्लॅरिनेट
एक भर. काळी पाचमध्ये क्लॅरिनेटला अडचण नेमकी त्याच जागी येते. मध्य नी आणि तार सा हे क्लॅरिनेटच्या खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत उडी मारण्याचे स्वर. जवळजवळ मोकळ्या बोटांवरून एकदम सगळी भोकं झाकायची आणि अंगठ्याने मागची कळ दाबायची, नवशिक्याला ते वेळेत जमत नाही. म्हणून आठवीच्या क्लॅरिनेटला दुसरा भाग लिहून द्या, जो तिथे खालीच राहील. फ्लूट एक सप्तक वर वाजवेल, कारण त्याचा सगळ्यात खालचा स्वर चालीच्या खालच्या सा पर्यंत उतरतच नाही.

डावापाय
राष्ट्रगीताचा विषय निघालाच आहे तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशातली बाब पाळा, बरेच शाळेचे बँड ती सोडून देतात. बँडवर राष्ट्रगीत वाजवण्याआधी ड्रमचा रोल असतो, म्हणजे सगळ्यांना सावधान उभं राहायची सूचना मिळते. रोलची लांबी संथ चालीतल्या ७ पावलांची. हळू सुरू, शक्य तितका चढवायचा, मग पुन्हा मूळ हळू आवाजावर आणायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. मग एका ठोक्याची विश्रांती आणि राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं, संक्षिप्त आवृत्ती सुमारे २० सेकंदांची. घड्याळ लावून सराव करा. वेळ ५८-६० वर गेली तर समजा की ओळींच्या शेवटी मुलं श्वासासाठी थांबताहेत. श्वासाच्या जागा कागदावर पेन्सिलने खुणा करून द्या. शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळ्या जागी श्वास घ्यायचा, मग खंड पडत नाही.

१५ ऑगस्ट पावसात येतो. ड्रमला कातडी पान असेल तर दमट हवेत ते सैल पडतं आणि आवाज थबथबीत होतो. प्लॅस्टिकचं पान बसवून घ्या. ताणताना एका बाजूने गोल फिरू नका, समोरासमोरचे स्क्रू जोडीने, प्रत्येकी अर्धा फेरा. प्रत्येक स्क्रूपासून दोन बोटं आत टकटक करून सगळीकडे एकच स्वर येतो का बघा. खालचं पान वरच्यापेक्षा बरंच पातळ असतं, ड्रम उलटा ठेवून काठी मारली की फाटतं. खालच्या पानावरच्या तारा वाजवून झाल्यावर सैल करून ठेवा.

रीडपॅड
नवी मुंबईत दुरुस्तीचं काम करतो, म्हणून देखभालीचं लिहितो. शाळांमधून "ट्रम्पेट वाजतच नाही, फुंक आत जात नाही" म्हणून जे येतं त्यात बहुतेकदा काहीही मोडलेलं नसतं. तेल घालताना तिन्ही व्हॉल्व्ह काढले आणि अदलाबदल करून घातले, एवढंच. व्हॉल्व्हवर १, २, ३ कोरलेलं असतं, माउथपीसच्या बाजूने १ सुरू. आत घातल्यावर हळूच फिरवायचा, खट् आवाज येऊन बसला पाहिजे. एका वेळी एकच व्हॉल्व्ह काढायची सवय लावा. तेल दोन-तीन थेंब, वाजवण्याआधी. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल अजिबात नको, ते चिकट होऊन व्हॉल्व्ह अडकतो.

माउथपीस अडकलं तर पक्कड लावू नका. नळी पिळते आणि जोडाचा डाग सुटतो, मग दहा मिनिटांचं काम मोठ्या दुरुस्तीवर जातं. माउथपीस ओढायचं छोटं हत्यार मिळतं, शाळेने एक घेऊन ठेवावं. अडकतं कशामुळे? मुलं वर तळहात मारून "टॉप" आवाज काढतात म्हणून. हलकेच घालून किंचित फिरवायचं, बस्स.

महिन्यातून एकदा ट्रम्पेट कोमट पाण्यात, सौम्य साबण घालून. उकळतं पाणी घातलं की लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप) निघतो. लॅकर असलेल्या वाद्याला पितळ चमकवायची पावडर लावू नका, लॅकर जाऊन डाग पडतात. सॅक्सची पॅड पावसाळ्यात चिकटतात, कळ दाबली की उशिरा उघडते. पॅडखाली पातळ टिपकागद ठेवून कळ हलकी दाबायची, ओल शोषली जाते. कागद ओढून काढू नका, कळ उघडून काढा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाद्यांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

माउथपीस प्रत्येक मुलाचं स्वतःचं. दोन सत्रांत एक वाद्य दोघं वाजवणार असतील तर हा खर्च टाळू नका. वाद्य सामायिक चालतं, माउथपीस नाही. मेरठच्या जाली कोठी भागात बनणारी वाद्यं किमतीला परवडतात, पण घेताना तिन्ही व्हॉल्व्ह हाताने दाबून बघा, तिरके दाबले तरी वर यायला हवेत. आणि सगळ्या सरकणाऱ्या नळ्या ओढून बघा.

सूरसाथ
दोन सत्रांचं गणित अजून सुटत नाही. एकत्र सराव फक्त शनिवारी, तोही तासभर.

काळीपाच
दोन अर्धे बँड समजू नका, दोन पूर्ण छोटे बँड समजा. प्रत्येक सत्रात १८ मुलं अशी वाटा की दोन्हीकडे खर्ज, मधला भाग, वरचा भाग आणि ताल असेल. त्यासाठी रचना चार स्वरभागांत लिहा. पहिला: फ्लूट, पहिलं क्लॅरिनेट, पहिला ट्रम्पेट. दुसरा: दुसरं क्लॅरिनेट, दुसरा ट्रम्पेट, आल्टो. तिसरा: टेनर आणि ट्रॉम्बोन. चौथा: युफोनियम, ट्युबा. एका सत्राला ट्युबा नसेल तर युफोनियमने चौथा भाग धरायचा, म्हणूनच वर युफोनियम तीन लिहिलेत. असं केलं की आठवडाभर दोन्ही सत्रं पूर्ण संगीत ऐकत सराव करतात आणि शनिवारी फक्त जुळवणी उरते. सकाळच्या सत्रातला बेस ड्रमवाला आजारी पडला तर दुपारचा येऊ शकतो, हा वेगळा फायदा.

शनिवारच्या तासाची वाटणी: पहिली ५ मिनिटं खुर्च्या आणि स्टँड, १० मिनिटं लांब स्वर आणि पाच स्वरांची चढउतार, ८ मिनिटं स्वर जुळवणं, ३० मिनिटं रचना, शेवटी एकदा न थांबता सलग. स्वर जुळवताना ट्युबापासून वर चढत या. ट्युनर सगळ्यांच्या हातात देऊ नका, मुलं सुईकडे बघतात आणि ऐकणं सोडतात. एकाला ट्युनरने लावा, बाकीच्यांनी त्याच्याशी गुणगुणून मग वाजवून जुळवायचं. दोन स्वर जवळ असले की लाटा ऐकू येतात, त्या संथ होत थांबल्या की जुळलं. ही लाट एकदा ऐकू आलेलं मूल आयुष्यभर सुरात वाजवतं, म्हणून त्यावर वेळ घालवायला कचरू नका.

थांबवून चूक सांगताना एकच गोष्ट सांगा आणि कुठून सुरू करायचं ते आधी. प्रत्येक आठ आवर्तनांवर कागदावर आकडा घालून ठेवा. "तीन नंबरपासून, ट्रॉम्बोन लहान तोडा" एवढं वाक्य पुरे. ट्रॉम्बोनशी पाच मिनिटं बोललात की तालवाद्यांची नऊ मुलं तेवढा वेळ मोकळी, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

डावापाय
मैदानावर चालताना लय तुटते त्याचंही कारण सांगतो, कारण शिक्षक उगाच मुलांना रागावतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० पावलं धरली तर एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ६० मीटरवर बँड उभा असेल तर त्याचा ठोका जवळजवळ ०.१८ सेकंद उशिरा येतो, म्हणजे पावलाच्या एक तृतीयांशाहून जास्त. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमसारख्या ठिकाणी प्रेक्षकांच्या बैठकीवरून परत येणारा आवाज याहून उशिराचा. म्हणून मुलांना शिकवा: लय बँडप्रमुखाच्या काठीवरून, म्हणजे डोळ्यांनी, भिंतीवरून किंवा भोंग्यातून आलेल्या आवाजाला धरायचं नाही. चालत्या बँडमध्ये ड्रम मध्यावर किंवा मागे ठेवा आणि पुढच्यांनी मागचं ऐकून वाजवायचं, म्हणजे समोरच्या प्रेक्षकांपर्यंत सगळं एकत्र पोचतं. ड्रमने पुढच्या ट्रम्पेटला धरून वाजवलं की उशीर दुप्पट होतो.

वाशीकर_क्लॅरिनेट
कानांचं कुणी लिहिलं नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. वर्गखोलीत फरशी, भिंती, छत सगळं कठीण, तिथे सहा साइड ड्रम सहज शंभरीवर जातात. ड्रमचा सराव पॅडवर किंवा उघड्यावर, आणि खोलीतच करायचा असेल तर फोमचे कानबोळे सक्तीने, शिक्षकांनीसुद्धा. मागच्या भिंतीवर जाड पडदे आणि खाली सतरंज्या टाकल्या तर फरक लगेच कळतो. दहावीच्या वर्गांच्या खाली बँडची खोली असेल तर वेळापत्रक आधी दाखवून परवानगी घ्या, नाहीतर जानेवारीत तक्रार येणारच.

सूरसाथ
२६ जानेवारीला सकाळी बँड बेसूर वाटतो, आदल्या दुपारी तोच सुरात असतो. बेल लायरा तर वेगळीच वाजल्यासारखी. हे का?

काळीपाच
तापमान. नळीतली हवा एक अंश गरम झाली की फुंकून वाजवायच्या वाद्याचा स्वर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढतो. दुपारी चारला ३१ अंशांत नळ्या जुळवल्या आणि सकाळी साडेसातला १९ अंशांत वाजवलं तर हिशोबाने ३५ सेंटच्या आसपास स्वर खाली येतो. फुंक नळी गरम करते, म्हणून प्रत्यक्ष फरक कमी, पण सगळ्यांचा सारखा नसतो: फ्लूट लवकर तापते, ट्युबाला वेळ लागतो, आणि बेल लायरा धातूच्या पट्ट्यांची असल्यामुळे तिचा स्वर जवळजवळ तिथेच राहतो, थंडीत उलट किंचित चढतो. म्हणून ती वेगळी वाटते.

ध्वजवंदनाच्या चाळीस मिनिटं आधी मुलं मैदानावर हवीत. पहिली पाच मिनिटं आवाज न करता नुसती गरम हवा नळीतून सोडायची, मग मंद लांब स्वर, आणि नळ्या त्यानंतरच जुळवायच्या, बेल लायराच्या सा ला धरून. आदल्या दिवशीच्या खुणांवर नळ्या ठेवू नका. भाषणं लांबली तर दर पाच मिनिटांनी पुन्हा गरम हवा, वाद्य खाली टेकवून ठेवायचं नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत हेच उलट होतं: उन्हात पितळ तापतं, स्वर चढतो, ट्रम्पेटची मुख्य नळी बोटभर बाहेर काढावी लागते आणि क्लॅरिनेटचा वरचा तुकडा थोडा ओढावा लागतो.

सूरसाथ
शनिवारपासून चार भागांची वाटणी सुरू करतो. पहिल्या टप्प्यात तीन युफोनियम, एक ट्युबा, सहा प्लॅस्टिक क्लॅरिनेट आणि सहा ट्रम्पेट. बिगुलवाली सहाही मुलं ट्रम्पेटवर. सॅक्स आणि ट्रॉम्बोन पुढच्या जूनला. घणसोलीच्या ताईंनी मुलीच्या सरांशी बोलणं झालं की इथे जरूर लिहावं.

रीडपॅड
सर, खरेदीच्या यादीत माउथपीस ओढायचं हत्यार, व्हॉल्व्ह तेलाच्या सहा बाटल्या, नळ्यांचं ग्रीस, क्लॅरिनेटच्या कॉर्कचं ग्रीस आणि प्रत्येक वाद्यात ओढायचे फडके घाला. वाद्यं आली की आधी कपाट, नंबर आणि नोंदवही, मगच मुलांच्या हातात.